कण्हेर काढली, रातराणी ठेवली

अहो,

कण्हेर मुळासकट काढली हाय. फांद्या पोत्यात भरून गेटजवळ ठेवल्यात, सकाळी घंटागाडीत टाका. वाळल्या म्हणून बंबात घालू नका, त्याचा धूर बी बाधतो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या आईनं मलकापूरहून ती फांदी दिलती. सोमवारी महादेवाला तिचीच फुलं जायची. पण "शोनीनं एक पान चावलं तरी मरंल," म्हणालात, मग काय बोलायचं? रातराणीच्या वासानं माझं डोकं उठतं म्हणून किती वर्षं सांगतेय, तर मला म्हणता, खिडकी लावून झोप. कुत्री नुसती शिंकली तरी तुम्ही गाडी काढता. खरं सांगते, त्या मुक्या जिवावर जळायची मी.

खड्ड्यात बारीक मुळं राहिली तर चालतील का, म्हणून आज शोनीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, रातराणी पण काढली न्हवं? साहेबांना दोन्ही विषारी म्हणून सांगितली होती की."

मला तुम्ही एकच सांगितलीत, आईनं दिलेली. तुमच्या बँकेतल्या तेजस्वी मॅडमनी वाढदिवसाला दिलेली तेवढी विसरलात. म्हणजे शोनीचा नंबर बी मॅडमच्या खालीच की!

कुकरात भात हाय, आमटी गरम करून घ्या. मी मलकापूरला जातेय. शोनीला संगं नेतेय, तिची काळजी करू नका.

रातराणीला तेवढं पाणी घाला.

संयोगिता