दोन्ही हात वर

प्रिय प्रितमदादा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझा आवाज ऐकला की ‘कामावर आहे, नंतर करतो’ म्हणतोस, आणि ते नंतर कधी येत नाही. म्हणून लिहायला बसले. पत्र मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

आई बरी आहे. गुडघा धरतो तिचा, पण ऐकत कुठं. बाबा रोज सकाळी विहाराच्या ओट्यावर जाऊन बसतात. कुणी विचारलं, पोरं काय करतात, तर तुझं सांगतात. चाकणला मोठ्या कंपनीत क्रेनवर आहे म्हणतात. माझं सांगत नाहीत. पूर्वी माझंच आधी सांगायचे, आठवतं ना? मी सिग्नलची परीक्षा पास झाले त्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला होता. माईक तुझ्या हातात होता. ‘ही माझी बहीण, जालन्यातल्या कारखान्यात क्रेनला इशारे देणारी पहिली मुलगी’ असं तू म्हणालास आणि टाळ्या थांबेनात. पहिली की दुसरी ते कुणाला ठाऊक, पण तू ठोकून दिलंस. त्या दिवशी मला वाटलं होतं, असा भाऊ कुणाला असेल!

आणि तसा तू होतासही. ते मी विसरले नाही, म्हणून तर इतके दिवस गप्प बसले. बारावीनंतर बाबा म्हणाले, आता बघू एखादं स्थळ. तेव्हा तू जेवणाच्या ताटावरून उठलास. ‘तिला शिकू द्या, न्हाईतर मी घरात पाय ठेवणार न्हाई.’ संभाजीनगरला तो कोर्स आहे हे तूच शोधलंस. तू क्रेनवर होतास त्या कारखान्याची सळई ज्या पुलाच्या कामाला जायची, त्या लोकांची अट होती की क्रेनखाली माल बांधणारा आणि वर इशारे देणारा माणूस सर्टिफिकेटवाला पाहिजे. ‘संध्ये, आपल्याकडं एकबी न्हाई. तू कर, तुला डोळे झाकून घेतील,’ असं म्हणत तू मला बसमध्ये बसवून दिलंस. कोर्सला सगळी पुरुष मंडळी, काही वडिलांच्या वयाची. पहिल्या दिवशी कुणीतरी मला चहा आणायला सांगितला. पण शिकवणारे गुरुजी फौजेतले होते. ते म्हणाले, उचलायचा इशारा एकाच माणसाचा चालतो, नेमलेल्या माणसाचा. थांबायचा इशारा मात्र कुणाचाही चालतो. झाडूवाल्यानं थांब म्हटलं तरी ऑपरेटरनं थांबायचं. मला ते फार आवडलं होतं. इतक्या मोठ्या लोखंडी धुडाला कुणीही थांबवू शकतं!

नोकरी लागली. केशरी जाकीट मिळालं, त्याच्या पाठीवर ‘सिग्नलमन’ असं लिहिलेलं. मॅनचं काय करायचं यावर आपण दोघं किती हसलो. पुलाच्या कामाचे लोक तपासणीला आले की मला क्रेनखाली उभं करायचे, फोटो काढायचे. तू वर केबिनमध्ये, मी खाली. माझ्या बोटावर तू टनाटनांचे गठ्ठे उचलायचास आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसे ट्रकमध्ये ठेवायचास. सळयांना साखळी घालायला कचरूमामा. मी आधी शिट्टी वाजवायची, मामा बाजूला होऊन हात दाखवायचे, मग मी तुला इशारा करायची. आपण तिघं असताना कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

पण वेळ लागायचा. माल एका साखळीवर लटकवू देत नव्हते, दोन घालायला लावायची. खालून माणूस हलल्याशिवाय उचलायच्या इशाऱ्याचा एक हात वर करत नव्हते. राधेश्याम सुपरवायझरला ते खुपायला लागलं. ‘मॅडम, गाड्या खोळंबल्या. तुमच्या नियमानं चाललो तर दिवाळीपर्यंत एक गाडी भरल.’ तपासणी करणारे निघून गेले आणि मला स्टोअरमध्ये हातमोजे वाटायला बसवलं. बाहेर ऊन लई आहे, म्हणाले. जाकीट तेवढं खिळ्याला राहिलं. पुन्हा तपासणी आली की ते माझ्या अंगावर चढायचं आणि गेली की खिळ्याला. त्यांना माझं सर्टिफिकेट हवं होतं, मी नको होते. मला वाटलं, तू तरी बोलशील. तुझ्याकडं आले, तर तू चहाचा कप खाली न ठेवता म्हणालास, ‘तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत थांबा, थांबा. काम बराबर चाललंय ना? बस ना सावलीत.’ तेव्हापासून राधेश्याम इशारे द्यायला लागला. त्याला कसलं शिक्षण नाही, परीक्षा नाही. अशा माणसाचा इशारा घ्यायचा नसतो हे ऑपरेटर म्हणून तुलाही शिकवलं होतं. तू घ्यायला लागलास.

त्या दुपारचं मी तुला सांगायची गरज नाही. पण तू ते आपल्या रीतीनं सगळीकडं सांगितलंस, म्हणून एकदा माझ्या रीतीनं ऐक. मी स्टोअरच्या दारात आले होते. गठ्ठा एकाच साखळीवर उचलला होता आणि एका बाजूनं झुकत होता. कचरूमामा पाठमोरे होते, दुसरी साखळी ओढत होते. राधेश्याम वर बघून ‘घे, घे’ करत होता. मी ओरडले, पण कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजात कोण ऐकणार? म्हणून मी दोन्ही हात वर केले, तळवे तुझ्याकडं. त्याचा अर्थ एकच होतो, आहे तिथं थांब. जगात कुठंही जा, कुठल्याही क्रेनवर, त्याचा दुसरा अर्थ होत नाही. दादा, तू मला पाहिलंस. काचेमागं तुझी मान माझ्याकडं वळली, आपली नजरानजर झाली. तुझ्या तोंडावर तोच भाव होता, ‘झालं हिचं सुरू’. आणि तू पुन्हा राधेश्यामकडं पाहिलंस.

पुढचा आवाज मला अजून भांडी पडली तरी ऐकू येतो.

मामांना गाडीत घालून नेलं आणि राधेश्याम धावत स्टोअरमध्ये आला. खिळ्यावरचं जाकीट काढून त्यानं माझ्या अंगावर टाकलं. ‘घाल हे. बाहेर उभी राहा. साहेब येऊन राह्यलेत.’ मी तुझी वाट पाहत होते. तू शिडीवरून उतरलास. मला वाटलं, आता तू त्याची गचांडी धरशील. तू माझ्याजवळ आलास आणि हळूच म्हणालास, ‘घाल ना, संध्ये. नुसतं उभं राहायला काय जातं?’ मी जाकीट घातलं नाही. तुम्हाला त्याची गरजही पडली नाही. कारखान्याच्या चौकशीत तू सांगितलंस, ‘बहिणीनं हात वर केले आणि मी माल उचलला.’ किती हुशारीनं बोललास! त्यात खोटा शब्द शोधून सापडत नाही. हात मी वर केले होतेच. दोन्ही.

मला काढून टाकलं, सर्टिफिकेट अडकवून ठेवलं. पेपरात बातमी आली, ‘महिला सिग्नलरच्या चुकीमुळे कामगाराचा पाय गेला.’ तू, राधेश्याम, साहेब, सगळे सुटलात. तुझी तर चाकणच्या कारखान्यात बढतीवर बदली झाली. जाताना मी तुला दारात अडवून विचारलं, असं का केलंस? तेव्हा तू जे बोललास ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ‘माझ्यामागं बायकापोरं आहेत. माझं लायसन गेलं तर खायचं काय? तुझं काय, आज ना उद्या लग्न होऊन जाशील. तुला त्या सर्टिफिकेटचं काय करायचंय?’ ज्या माणसानं माझ्या लग्नाच्या बोलण्यावरून ताट सोडलं होतं, त्याच्याच तोंडून हे ऐकलं. बाबांनी तसं म्हटलं असतं तर मी भांडले असते. तुझ्याशी भांडायला तोंडच उघडलं नाही.

आपल्या गल्लीतली बेबीनंदा पुढच्या बॅचला जाणार होती. तिनं पैसेही भरले होते. तिच्या वडिलांनी नाव काढून घेतलं. बाईमाणसाच्या हातात असली कामं दिली की असं होतं, हे त्यांनी आपल्या दारात उभं राहून सांगितलं. बाबांनी मान खाली घातली. आता ती कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. रस्त्यात भेटली की माझ्याकडं पाहून न पाहिल्यासारखं करते. तिलाही दोष देता येत नाही.

मी एवढं सगळं गिळलं, कारण तू भाऊ आहेस. आईनं पदर पसरला होता. ‘तो पोराबाळाचा माणूस, संध्ये, सांभाळून घे.’ रूपालीवहिनी तर आजही मला फोन करून रडते, तुला माहीत नसेल. तिला वाटतं, माझ्या चुकीमुळं तुला गाव सोडावं लागलं. मी तिची समजूत घालते. हसू येतं ना?

मागच्या महिन्यात साळूबाई घरी आली. कचरूमामांची बायको. मला वाटलं, आता शिव्या देणार. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही, एवढंच म्हणाली, ‘त्यांनी बोलावलं तुला. चल.’ जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही घनसावंगीपर्यंत गेलो, तिथून तिच्या वस्तीवर पायी. मामा दारात बाजेवर बसले होते. त्यांच्या लुंगीची एक बाजू सपाट पडली होती. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकले आणि तशीच अडखळले. कुठल्या पायावर ठेवायचं?

त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाले, ‘पोरी, मला एक सांग. तू शिट्टी वाजवल्याबिगर कधी माल उचलू दिला न्हाई. पेपरवाले म्हणतात, त्या दिवशी स्टोअर सोडून तूच इशाऱ्याला उभी व्हती, मंग शिट्टी का न्हाई वाजवली? दवाखान्यात पडल्या पडल्या मी हेच इचार करून राह्यलो. तू होती का तिथं?’

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. राधेश्याम, एक साखळी, माझे हात, तुझी मान. सांगताना मी रडले नाही, याचं मलाच नवल वाटलं. मामांनी अंगणातल्या कोंबड्यांकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, ‘प्रितम चांगला गडी व्हता. माझ्या डब्यातली भाकर खायचा.’ बस्स, एवढंच. मी म्हणाले, मामा, तो माझा भाऊ आहे, मी काय करू? त्यावर चुलीपुढं पाठमोरी बसलेली साळूबाई वळली. ‘भाऊ तुझा आहे, बाई. पाय माझ्या माणसाचा गेला.’

परतीच्या जीपमध्ये मला ना मामांचा राग आला ना साळूबाईचा. तुझाही आला नाही. माझाच आला. आपण कुणाला सांभाळून घेत होतो आणि कुणाच्या जिवावर, हे मला चुलीपुढच्या बाईनं सांगावं लागलं.

साळूबाईनं अर्ज केला होता, म्हणून आता सरकारी चौकशी लागली आणि आज माझा जबाब होता. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. आईला घरातून निघताना सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बाबा मात्र आपण होऊन माझ्याबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आले. बस सुटेपर्यंत उभे राहिले. चौकशीला एक अधिकारी बाई होत्या, वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. मी दोन्ही हात वर केले ते उभी राहून करून दाखवले. मग त्यांनी विचारलं, ‘तुमचा इशारा ऑपरेटरनं पाहिला, हे खात्रीनं सांगता?’ मी म्हणाले, हो. ‘ऑपरेटरचं नाव?’ मी तुझं पूर्ण नाव सांगितलं. बाबांचं नाव आणि आपलं आडनाव ऐकून त्यांनी मान वर केली. ‘तुमचे कोण?’ मी म्हणाले, सख्खा भाऊ. त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन पाणी पिऊन या, विचार करून सांगा, म्हणाल्या. फार मायेनं म्हणाल्या. मी खुर्चीवरून उठले नाही, दादा. मी म्हणाले, विचार झालाय, तुम्ही लिहा.

अजून तरी तुझीच,
संध्या