लाल गाडी अन् मूठभर कापूस

२ मे १९८९, मंगळवार
शेठची लाल गाडी परत आमच्या गॅरेजवर आली. टेम्पोमागे, दोरीनं. दोनच दारं, दोनच सीटा, उंची माझ्या कमरेएवढी. अख्खा रस्ता थांबून बघत होता.
शेठ म्हणे, "नाना, मी गाडी घेतली का आंघोळीचा बंब? जरा पळवली की उकळते. चौदा तारखेला, रविवारी मुंबईचं गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकतो."
मी फडकं घेऊन गाडी पुसायलाच लागलो.
आमचे उस्ताद नाना म्हणे, "तोवर मले द्या. भर दुपारी न उकळता धुळ्याले जाईन."
शेठ म्हणे, "गेली तर न विकायचा विचार करीन."

५ मे
ट्रकचा जाड रेडिएटर कापून बसवला. पंखा मोठा. धुळ्याच्या रस्त्यावर पाळधी गाव आलं नाही तोच तापमानाचा काटा लालमधे. नाना जेवले नाही.
पण इंजिन! सुरू केलं की भिंतीवरचे पाने थरथरतात. नानांना चिडवायचंपण सुचत नाही.

८ मे
सुचलं. नानांच्या स्कूटरची किल्ली लपवून झाली, चहात मीठ झालं. आज जिनिंग मिलवरून कापूस आणला, गुपचूप गाडीच्या पुढच्या जाळीत कोंबला. पंखा तो आत ओढणार, चक्कर मारून आल्यावर नाना बॉनेट उघडणार, म्हातारा पांढराफेक!
उघडलं. इंजिनावर एक पुंजका नाही. सगळा कापूस रेडिएटरच्या बाजूच्या फटीत, बाकी बंपरखाली लोंबतोय.
नानांनी पाना उगारला. मी डोळे मिटले. काहीच लागलं नाही. बघतो तर म्हातारा गाडीखाली उताणा.
"हाई काय शे रे... वारा रेडिएटरमधून जासच नही. बठ्ठा बाजूनी पळी जास!"
म्हणजे वारा आत शिरतच नव्हता, सगळा बाजूनं निसटत होता. मग ओरडले, "बघतोस काय? आखो कापूस लई ये!"
आणखी आणला अन् संध्याकाळपर्यंत जाळीसमोर कापूस सोडत बसलो. आईशपथ, वारा दिसला मला. वळतो कुठं, पळतो कुठं, सगळं.

१० मे
तेलाच्या डब्याच्या पत्र्यानं फटी बंद. पण आत आलेला वारा तापून जाणार कुठं? नानांनी बॉनेटवर खडूनं सहा रेघा मारल्या.
शेठचं पान तोंडातच राहिलं. "विकायच्या तोंडावर बॉनेट कापता?"
"गरम वाऱ्याले दार पायजे, शेठ."
शेठ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "कापा. मी बघत नाही."
नानांनी करवत माझ्या हातात दिली! ह्या हातात. पहिल्यांदा हसू आलं नाही.

१३ मे, शनिवार
दुपारी एकला निघालो. सीटा दोनच, नाना म्हणे तू जा. शेठ चालवत होते, मी काट्याकडे बघत होतो. एरंडोल, अर्धा. पारोळा, अर्धा. डांबर वितळत होतं अन् काटा... बॉनेटच्या चिरांवर हवा नुसती लहरत होती.
धुळे. अर्धा!!
शेठ उतरले. चिरांवर हात धरला, चटका बसला तरी काढला नाही. उसाचा रस पाजला. मग किल्ली फेकली, "परत तू चालव."
मी. ती गाडी. ते काय लिहू... आवाज अजून कानात आहे.
गॅरेजला सोडून शेठ रिक्षानं घरी गेले. गिऱ्हाइकाचं नाव नाही काढलं. नाना म्हणे, "आता उलट जास्त भाव येईन रे."
हे डोक्यातच आलं नव्हतं.
किल्ली माझ्या खिशात. आजवर किती जणांच्या लपवल्या. ही लपवलेली नाही, शेठनी मागितलीच नाही. विसरले, का विकायचीच नाही म्हणून ठेवली...
उद्या रविवार, गिऱ्हाईक येणार.