कोपराच्या अलीकडे हिरवं पाणी

३ ऑगस्ट
शेततळ्यात बोटुकली सोडली. बोटाएवढी पिल्लं म्हणून बोटुकली. कटला, रोहू, मृगळ मिळून पंधराशे. पाण्यात पडली की सुळ्ळकन खाली. एकानंही मागं वळून बघितलं नाही. बघू नका म्हणावं. चौतीस वर्षं जिंतूर स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडीत जागा मिळाली की कोण कंट्रोलरकडं बघतंय.
संकल्प: विकतच्या खाद्याचा एक दाणा तळ्यात पडणार नाही. शेण, लेंडी, गूळ, ताक. त्यानं पाणी हिरवं होतं, हिरव्यात बारीक जीव वाढतात, ते मासा खातो. निव्वळ नैसर्गिक आहार. पुढच्या होळीला ताडकळसच्या बाजारात बोर्ड लावून विकायचे.
राम (आमचे चिरंजीव) म्हणाला, थोडं गोळीखाद्य बी देऊ, नुसत्या हिरव्यावर वजन येत नाही. त्यानं मोबाईलवर बघितलंय. मी परभणीला जाऊन ट्रेनिंग घेतलंय. विषय संपला.

४ ऑगस्ट
ट्रेनिंगची वही काढली. मॅडमनी सांगितलेली परीक्षा: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. तळवा दिसला तर खाद्य कमी, शेण वाढवा. तळवा दिसेनासा झाला की खाद्य भरपूर.
पुढचं पान कोरं आहे. जेवणानंतरच्या तासाला मी नव्हतो. दोन पंधराची गाडी दोन पंचवीस झाले तरी हलेना, हे तिथल्या कंट्रोलरला सांगायला गेलो आणि त्याच गाडीनं परत आलो. राहिलेलं काही विशेष नसणार. महत्त्वाचं असतं ते माणूस जेवणाआधी सांगून टाकतो.

२१ ऑगस्ट
कोपराला तळवा दिसेना. पास! अठरा दिवसांत.
येडबाकडून लेंडी आणली. माळावर त्याच्या शेळ्या बसतात. म्हणाला, लेंडी पिकाला घालत्यात, पाण्यात कशापायी? त्याला सगळं समजावून सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. नंतर कळलं, शेळ्या सोयाबीनमध्ये शिरल्या होत्या आणि तो तिकडं बघत होता.

७ सप्टेंबर
प्रगती भयंकर आहे. आता मनगट बुडालं की तळवा गायब. म्हणजे हिशोबानं तिप्पट खाद्य. पाणी पालकाच्या भाजीसारखं झालंय. रामला मुद्दाम बोलावून दाखवलं. हूं म्हणाला.
शेण रोज चार पाट्या चालू ठेवायचं. यशात ढिलाई नको.

१४ सप्टेंबर
आज सकाळी ५:५० ला मासे वर आले. शेकड्यानं. काठापाशी, तोंडं उघडी, माझ्याकडं. गाडी लेट झाली की माझ्या खिडकीपुढं लोक यायचे, अगदी तसेच. माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, येतेय." थांबले.
ऊन वर आल्यावर एकेक करत आपापल्या कामाला गेले.
रिटायर होऊन तीन वर्षं झाली. मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. घरी सांगितलं. सूनबाई शीला फोनवर होती, तिनं हातानंच "थांबा" केलं. मी थांबलो. नंतर ती विसरली.

१५ सप्टेंबर
५:५०. हजर.

१६ सप्टेंबर
आभाळ. हजर. कालच्यापेक्षा गर्दी. एसटीला हे कधी जमलं नाही.

१८ सप्टेंबर
नर्मदेला, म्हणजे आमच्या मंडळींना, दाखवायला नेलं. पदर सावरत काठावर उभी राहिली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आवो, ह्यायला दम लागायलाय. शेण बंद करा."
मी म्हणालो, मला बघून येतात. तर म्हणते कशी, तुमाला बघून कोण येतंय वर?
ह्याला मत्सर म्हणतात. चौतीस वर्षं ड्यूटीवरून घरी आलो, ही एकदा दारापर्यंत आली नाही. वाईट वाटलं. इथं लिहून ठेवतो, बोलून दाखवायचं नाही.
दोन पाट्या शेण वाढवलं.

२० सप्टेंबर
तीन दिवस सूर्य नाही. मासे दहा वाजेपर्यंत वरच. जायचं नावच घेत नाहीत. लळा लागलाय बिचाऱ्यांना. भूक नाही, खेळ नाही, नुसतं माझ्याकडं बघणं.
बोर्डाचा मजकूर ठरला: "माणिकराव कंट्रोलर यांचे नैसर्गिक आहारावरील मासे." मासे लहान अक्षरात चालेल.

२१ सप्टेंबर, सकाळी ६:१०
रामनं मला न विचारता विहिरीची मोटर तळ्यावर जोडली. पाणी उंचावरून धो धो पडायलाय. सगळे मासे त्या धारेखाली जाऊन बसले. माझ्याकडं पाठ करून!
मोटर बंद केली. रामला म्हणालो, माझ्या वेळेत हा गोंगाट चालणार नाही. त्यानं बटणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि रानात निघून गेला.
पाच मिनिटांत मासे परत माझ्याकडं. आता काय म्हणणं आहे?

२२ सप्टेंबर
५:५० ला पोचलो. सगळीकडं मासे. पोटं वर, पांढरी. मी म्हणालो, "थांबा, येतेय." सवयीनं.
राम आला. मोटर चालू केली. दुपारपर्यंत आम्ही पाट्या भरत होतो. कटले जास्त गेले. येडबानं न बोलावता येऊन लिंबाखाली खड्डा खणला. मला काही वाटलं नाही. चहा दोनदा घेतला. दुसऱ्यांदा साखर नव्हती हे कप ठेवल्यावर लक्षात आलं.

२४ सप्टेंबर
राम शिव्या देईल म्हणून परवापासून तयारीत आहे. उत्तरं बी तयार होती. तो जेवतो, उठतो, जातो. नर्मदेनं ताट वाढलं, भाकरी गरम होती.
शीलानं ट्रेनिंगच्या मॅडमना फोन लावून दिला. जेवणानंतरचा तास तीन मिनिटांत झाला. तळवा कोपराच्या अलीकडंच दिसेनासा झाला तर शेण ताबडतोब बंद. पाण्यातलं हिरवं दिवसा हवा सोडतं, रात्री तीच हवा ओढून घेतं. आभाळ असलं तर दिवसाची बी भरपाई होत नाही. मग पहाटे मासा गुदमरून वर येतो, तोंड उघडून. तेव्हा धो धो पाणी पाडायचं.
कोऱ्या पानावर सगळं उतरवून घेतलं. अक्षर चांगलं आलंय.

१२ ऑक्टोबर
निम्मे वाचलेत. शेण बंद आहे. राम थोडं गोळीखाद्य टाकतो, मोटर लावतो. तळवा आता कोपरालाच दिसेनासा होतो.
५:५० ला गेलो. कुणी नाही. सात वाजेपर्यंत बसलो. पाणी नुसतं पाणी. राम खाद्याची पाटी घेऊन आला, माझ्याजवळ उभा राहिला. बावीस तारखेनंतर पहिल्यांदाच बोलला.
"आबा, खाली हायेत समदे. वर येत न्हाईत म्हंजी बरे हायेत."
मी बरं म्हणालो.
घरी आलो. दारात उभा राहिलो जरा वेळ. नर्मदा चुलीपाशी, शीला फोनवर. कुणी वर बघितलं नाही. सगळे बरे आहेत म्हणायचे.