ब्लाझच्या डोक्यावरचं गोंदण

रामा, रविवार, ४ मार्च २०१८

ती. येलाताईस,

शिमूनचा सा. न. वि. वि. येशूची स्तुती असो.

तुझं पत्र पोचलं. तुला हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच झालं, कारण मला फोनवर नीट बोलता येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, पण कागदावर निदान खोडता तरी येतं. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? पायऱ्यांवर बर्फ असेल तर बाहेर पडू नकोस. इथे रामात तळ्याच्या काठाला अजून बर्फ आहे आणि मला रोज वाटतं की कोणीतरी घसरणार.

आमच्या लेकीला, काताला मुलगा झाला. तीन किलो आठशे ग्रॅम, नाव लोव्रे. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. आनंदाची बातमी एवढीच, आता काळजीची सांगतो.

बाप्तिस्मा तेरा मे रोजी ठरलाय आणि काताने आपल्या भावाला बाळाचा कूम, म्हणजे धर्मपिता, व्हायला सांगितलंय. सख्ख्या मामाने बाळाला हातावर घेऊन फादरसमोर उभं राहायचं, यात वावगं काही नाही. पण आमच्या ब्लाझच्या डोक्यावरची टोपी गेली अकरा वर्षं उतरलेली नाही, हे तू जाणतेस. हिवाळ्यात लोकरीची, उन्हाळ्यात कापडी. चर्चमध्ये पुरुषाला टोपी घालून जाता येत नाही, म्हणून तो दर रविवारी बाहेर लिंडनच्या झाडाखाली सिगारेट ओढणाऱ्यांबरोबर उभा राहतो. त्याला सिगारेटचं व्यसन नव्हतं गं, ते या टोपीपायी लागलं. छत्तीस वर्षांचा झाला. मोस्टारची बस चालवतो, आणि लग्नाचं विचारलं की ती धुवायची आहे म्हणून निघून जातो. इतकी स्वच्छ बस अख्ख्या मोस्टारच्या रस्त्यावर दुसरी नसेल.

काताला तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ‘बघू’ म्हणाला. आता कूमपणाला कोणी ‘बघू’ म्हणतं का? आपल्याकडे वैऱ्याने मागितलं तरी कोणी नाकारत नाही. काता रडली. तिच्या सासूला कळलं तर जन्मभर ऐकवेल की हिच्या माहेरी बाळाला हातात घ्यायला माणूस नव्हता. बहीण-भावाचं बोलणं तुटेल, आणि मग मी कोणाच्या घरी मरायचं?

मोस्टारला एका दुकानात विग मिळतात म्हणे. पण तळ्यावरचा वारा तुला ठाऊक आहे. काय करू ते कळव.

तुझी माया पाठीशी असू दे.

तुझा,
शिमून

झुपान्या, १२ मार्च

चि. शिमून यास,

येलाताईचे अनेक आशीर्वाद.

विगचा विषय पुन्हा काढलास तर मी या वयात बसने येईन आणि तो तुझ्याच डोक्यावर बसवीन.

माझं ब्लडप्रेशर तुझं पत्र येईपर्यंत चांगलं होतं. लोव्रेचा फोटो पाठव. काताला म्हणावं, पाठ शेकत राहा.

आता एक गोष्ट लिहिते, रागावू नकोस. टोपी अकरा वर्षांची आहे हे तू बरोबर मोजलंस, पण ती कुठल्या दिवशी चढली ते तुला आठवत नाही. मला आठवतं. तुझ्या साठीचं जेवण होतं, तीस माणसं टेबलाला होती आणि वीज गेली. कोणीतरी मेणबत्ती शोधायला उठलं, तेव्हा तू म्हणालास की मेणबत्ती कशाला हवी, आमच्या ब्लाझला मधोमध बसवा, उजेड पडेल. सगळे हसले. ब्लाझसुद्धा हसला. पंचवीस वर्षांचं पोर ते, समोरचे केस नुकतेच जायला लागले होते. दुसऱ्या दिवशी मला स्टँडवर पोचवायला आला तो टोपी घालून. ऑगस्ट महिना होता.

तू हसवणारा होतास म्हणून विसरलास. तेव्हा आता तू काही विचारू नकोस, विनोद करू नकोस, आणि मुख्य म्हणजे तुझे उपाय बाहेर काढू नकोस. त्याला त्याचं ठरवू दे.

जेवण वेळेवर घेत जा. माझी आठवण ठेव, मी तुझी ठेवतेच.

तुझी,
येलाताई

रामा, गुरुवार, १२ एप्रिल

ती. येलाताईस,

सा. न. वि. वि. येशूची स्तुती असो.

ताई, मी घात केला.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. मला खरंच आठवत नव्हतं. तू सांगितलंस तसं तोंड बंद ठेवलं. ईस्टरला ब्लाझने काताला होकार दिला, तरी मी काही बोललो नाही. गेल्या शनिवारी तो स्प्लिटला जातो म्हणाला, तरी विचारलं नाही. संध्याकाळी परत आला आणि चुलीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला. झोपेत टोपी सरकून खाली पडली.

मी उचलायला वाकलो आणि बघतो तर काय, उरलेले केसही भादरलेले, सगळं डोकं लालबुंद आणि त्यावर हजारो काळे टिपके, खसखशीपेक्षा बारीक. मला वाटलं कसला तरी रोग झाला. मग वाटलं, कुठेतरी स्फोट झाला आणि बंदुकीच्या दारूचे कण कातडीत घुसले. घशाला, गुडघ्याला, गाईच्या खुराला आपण काय लावतो? मी फडताळातली राकिया काढली, आपली जडीबुटी घातलेली घरची दारू, टॉवेल भिजवला आणि त्याच्या डोक्यावर दाबून धरला.

ब्लाझ छताला लागेल इतका उडाला. त्याने ज्या शिव्या दिल्या त्या बस चालवणाऱ्यांनाच येत असाव्यात.

मग कळलं. स्प्लिटला एक बाई आहे, ती टक्कल पडलेल्या पुरुषांच्या डोक्यावर सुईने गोंदते. एकेक टिपका म्हणजे एकेक केसाचं मूळ. केस उगवत नाहीत, पण माणसाने भरगच्च केस कालच बारीक कापून घेतलेत असं दिसतं. तीन शनिवार बसावं लागतं. हे त्याने बाप्तिस्म्यासाठी चालवलंय. बाईने बजावलं होतं की चार दिवस डोक्याला पाणीसुद्धा लावू नका. आणि मी पंचावन्न टक्क्यांची राकिया लावली.

आज पाचवा दिवस. मी चोरून बघतो. टिपके फिके पडलेत, टाळूवर तर जवळजवळ दिसतच नाहीत. तो माझ्याशी बोलत नाही. डोकं ठिपकेदार कोंबडीसारखं झालं तर तो फादरसमोर कसा उभा राहील? अकरा वर्षांनी त्याने धीर केला आणि बापानेच तो पुसून काढला.

आणि आणखी एक. असं अंगावर गोंदवलेला माणूस कूम म्हणून फादरना चालेल का? सैन्यातून नि तुरुंगातून आलेलेच गोंदवून येत असत. मी फादरना विचारू का? झोप लागत नाही. लवकर लिही.

मला टाकू नकोस.

शिमून

झुपान्या, १७ एप्रिल

चि. शिमून यास,

अनेक आशीर्वाद.

फादरना विचारायला जाशील तर वाटेत आपल्या आईच्या थडग्याजवळ थांब आणि आधी तिला विचार. मनगटापासून बोटांपर्यंत गोंदलेल्या हातांनी तिने तुला बाप्तिस्म्याला नेलं होतं. माझे हात विसरलास का? तू चार वर्षांचा होतास, दारात उभा राहून माझ्यापेक्षा मोठ्याने रडलास. संत जोसेफच्या सणाच्या आदल्या दिवशी मावशीने काजळी, मध आणि मुलगा झालेल्या बाईचं दूध कालवलं आणि सुईने माझ्या दोन्ही हातांवर क्रूस टोचले. आपल्या गावात गोंदल्याशिवाय मुलीला मुलगी म्हणत नव्हते. त्याचं पाप झालं नाही, तर ब्लाझच्या टिपक्यांचं काय होणार आहे?

तुला एक सांगितलं नव्हतं. धरणाचं तळं आलं, गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही इकडे आलो, तेव्हा कारखान्यातल्या पोरींनी विचारलं की मी तुरुंगात होते का. पाच वर्षं मी हात लपवले. उन्हाळ्यात लांब बाह्या, जेवताना हात टेबलाखाली. नवऱ्याने कधी काही म्हटलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मग मुलगा झाला. लंगोट धुवायचे, कणीक मळायची, बाह्या वर केल्याशिवाय ते कसं व्हायचं? एका दिवशी वर केल्या त्या पुन्हा खाली करायचं राहूनच गेलं. मी सुईने टोचलेलं लपवायचं थांबवलं, ब्लाझ लपवणं थांबवण्यासाठी सुईखाली बसला. दोन्ही चालतं.

डोक्याचं काय होईल ते ती स्प्लिटची बाई बघेल. तू तुझं बघ. त्याच्याजवळ जा आणि चुकलं म्हण. राकियाचं नव्हे, ते वेडेपण होतं. साठीच्या जेवणाचं.

ते केल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस. केलंस की लगेच लिही, मी वाट बघते.

तुझी,
येलाताई

रामा, सोमवार, २३ एप्रिल

ती. आत्यास,

ब्लाझचा सा. न. वि. वि.

मी तुला पत्र लिहीन असं तुला वाटलं नसेल, मलाही नव्हतं. बाबांनी तुला सगळं कळवलंय हे मला ठाऊक आहे, कारण ते लिहिताना प्रत्येक शब्द पुटपुटतात.

शुक्रवारी सकाळी मी बस सोडायच्या बेतात होतो तेव्हा ते स्टँडवर आले. माझ्या खिडकीखाली उभे राहिले, स्वतःची टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “साठीच्या दिवशी ते मेणबत्तीचं मी बोलायला नको होतं.” एवढंच बोलून पाठ फिरवून गेले. चौदा प्रवासी बसले होते, कोणाला काही कळलं नाही. एका म्हातारीने विचारलं की वीज गेली आहे का. मला गाडी सुरू करायला जरा वेळ लागला.

शनिवारी दुसऱ्यांदा स्प्लिटला गेलो. त्या बाईला राकियाची हकिकत सांगितली तर तिने सुई खाली ठेवली आणि डोळे पुसेपर्यंत हसली. म्हणाली, पहिल्या वेळचा रंग निम्मा उतरतोच, प्रत्येकाचा उतरतो, म्हणून तर तीनदा बसवतात. थोडी आग झाली असेल, बाकी बिघडलेलं काही नाही. टाळू पुन्हा भरली. दुखतं, पण कानामागे सोडलं तर सहन होतं.

आत्या, केस आलेत अशी माझी समजूत नाही. ते भादरलेलं डोकं आहे आणि वर शाई. पण बोलताना समोरचा माणूस माझ्या डोळ्यांकडे बघतो की त्याची नजर वर सरकते, हे मी अकरा वर्षं मोजत आलोय. मला ते मोजणं बंद करायचंय.

बाबांना ‘बिघडलं नाही’ हे अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ते मला तीन अंडी करून देतात आणि लांबून डोक्याकडे बघतात. आणखी दोन दिवस अंडी खातो, मग सांगतो. तू रागावणार हे माहीत आहे.

तुझा,
ब्लाझ

रामा, बुधवार, १६ मे

ती. येलाताईस,

सा. न. वि. वि. येशूची स्तुती असो, आणि या वेळी मी हे मनापासून लिहितो.

पार पडलं. तू त्या कार्ट्याला खरमरीत लिहिलंस म्हणून त्याने मला खरं सांगितलं, नाहीतर मी अजून अंडी तळत बसलो असतो. सांगितल्यावर मी रागावणार होतो, पण त्याऐवजी त्याच्यासमोर बसून उरलेलं अंडं मीच खाल्लं.

तरी रविवारी पहाटेपासून मला नवीन काळजी लागली. उन्हाने रंग ओघळला तर? मेणबत्तीचं मेण उडालं तर? काता म्हणाली, बाबा, तुम्ही लोव्रेपेक्षा जास्त किरकिर करता, त्याच्याशेजारी झोपा.

ब्लाझ दारापर्यंत टोपी घालून आला. लिंडनखालच्या मंडळींनी त्याला सवयीने सिगारेट पुढे केली. त्याने टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि आत गेला. मी मागून चालत होतो. तुला कसं सांगू, त्याच्या डोक्याची मागची बाजू मी लहानपणानंतर अशी उघडी, नीट आत्ता पाहिली. हुबेहूब आपल्या बाबांचं डोकं आहे, तोच उंचवटा, मानेशी तीच खळी. इतकी वर्षं घरात होतं आणि मला माहीत नव्हतं.

फादर बोनोंनी पाणी घातलं तेव्हा लोव्रे ओरडला आणि त्याने दोन्ही मुठींनी ब्लाझचा कान धरला. ब्लाझ हसला. सगळं गाव बघत होतं, पण बाळाकडे. मी एकेकाच्या नजरा तपासत बसलो होतो, प्रार्थना निम्मी चुकलो. कोणी वर बघत नव्हतं, ताई. एकही जण नाही.

बाहेर आल्यावर शेजारचा याको मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या पोराला वेड लागलंय का? मला वाटायचं टोपीखाली टक्कल आहे, हा तर चांगला केसाळ गडी, आणि सणाच्या दिवशी शिपायासारखं भादरून आला. सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. गिळून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा हातचा विनोद सोडला, तू असायला हवी होतीस.

जेवणाला कोकरू होतं. काताच्या सासूने ब्लाझला दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा आपल्या भाचीकरवी वाढलं. ती भाची शाळेत गणित शिकवते. मी काही विचारलं नाही, फक्त बघितलं की तो बस धुवायला उठला नाही.

घरी येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. तळं शांत होतं. ब्लाझ म्हणाला की हा रंग कायमचा नसतो, पाचेक वर्षांनी फिका होतो आणि मग पुन्हा जाऊन भरून घ्यावा लागतो. मला लगेच काळजी लागणार होती, तेवढ्यात तो म्हणाला, “तेव्हा तुम्ही चला माझ्याबरोबर. एकटं बसून कंटाळा येतो.”

ताई, मी एकाहत्तर वर्षांचा. पाच मिळवले की शहात्तर. बोटांवर दोनदा मोजलं. येतो म्हणालो.

सोमवारी सकाळी आंघोळ करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई दोन वर्षं छातीची तपासणी करा म्हणून निरोप धाडत होत्या. मला बघून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की आजच कसे आलात, काही दुखतंय का. मी म्हटलं, नाही, मला पाच वर्षांनी स्प्लिटला जायचंय.

मला अशीच रागे भरत राहा.

तुझा धाकटा,
शिमून