एकोणीस तासांची बचत

४ मार्च, सकाळी ९
आमच्या ड्रायरला इंजेक्शनचं औषध गोठवून वाळवायला साठ तास लागतात. आता नाही लागणार. औषधाच्या छोट्या बाटल्यांत, म्हणजे व्हायलमध्ये, चार सेन्सर सोडायचे, बर्फ संपला असं दिसलं की मशीन बंद. हेच इंजेक्शन हॉस्पिटलात दादाला तापावर चालू आहे आणि बाजारात मिळत नाहीये. वहिनी म्हणाली, भाऊजी, काहीतरी करा. करतोच आहे. डोकं शांत हवं. आजपासून चहा बंद.

४ मार्च, दुपारी
चहा घेतला. अर्धाच. सेन्सरच्या वायरी फक्त दाराकडच्या रांगेपर्यंत पोचतात. तिथेच लावल्या. ऑपरेटर मामा म्हणाले, साहेब, दाराला ऊब असते, तिथल्या व्हायल आधी सुकतात, मधल्या मागे राहतात. म्हटलं, मामा, जमाना डेटाचा आहे. मामा म्हणाले, बरं. त्यांचं ‘बरं’ मला आवडत नाही.

६ मार्च
एक्केचाळीस तास! चारही सेन्सर म्हणतात कोरडं. मामांनी व्हॅक्यूमचा काटा दाखवला, म्हणाले, आतून अजून वाफ निघतेय. काटा जुना झालाय. मामाही. बंद केलं.

७ मार्च
लॅबला सॅम्पल दाराकडचेच दिले, हाताशी होते. पास! क्वालिटीच्या मॅडमनी विचारलं, मधले का नाही? म्हटलं, सगळे सारखेच. ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, खाली सही घेतली. कौतुक करायची एकेकाची पद्धत.

२४ मार्च
पहिला खोका दादाच्या हॉस्पिटलला. वहिनी फोनवर रडलीच. म्हटलं, रडता काय, घरचं औषध आहे. पुढची बॅच पस्तीस तासांत काढायची. नक्की.

२८ मार्च
मामांनी राखीव व्हायल उजेडात धरल्या. मधल्या रांगेतली पावडर खचलीय, तळाला पिवळट, चिकट. म्हटलं, ट्यूबलाइटमुळे तसं दिसतं. मामा त्या व्हायल घेऊन मॅडमकडे गेले.

२९ मार्च
दादाचा ताप पुन्हा चढला. हवा बदललीय, सगळीकडेच ताप आहे. डॉक्टरांनी डोस वाढवला. चला, स्टॉक आहे म्हणून.

३० मार्च
मॅडमनी बॅच परत मागवली. माझा कागद मलाच मोठ्याने वाचायला लावला. अक्षर बरं आहे माझं.
वहिनी फोन उचलत नाहीये.

१ एप्रिल
खोके परत आले. एकच फोडलेला. त्यात नऊ व्हायल कमी. स्टोअरकीपरने विचारलं, वाटेत फुटल्या लिहू का?
नको म्हटलं. दादाला दिल्या.