न उघडणाऱ्यांची यादी

३ तारीख, सोमवार

लागले एकदाची नोकरीला! आईला फोन केला तर पहिला प्रश्न, विकता काय? म्हटलं, उशा, गाद्या, पांघरुणं. पण मी विकत नाही, जाहिरातीच्या मेल लिहिते. म्हणजे लोकांना न मागता पत्रं पाठवायची, असं म्हणाली. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय तिने, कौतुकसुद्धा लाल पेनानेच करते.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. पाच टेबलं, खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर एकच आकडा: आजवर पाठवलेल्या सगळ्या मेलपैकी शंभरात किती उघडल्या. आज एकतीस. साहेबीणबाईंना सगळे आकडेबाई म्हणतात, अगदी तोंडावर. मेलमधली चित्रं काढणारे टोपीकाका माझ्या शेजारी बसतात. एवढ्या उकाड्यात निळी लोकरीची टोपी! बायकोने विणली आहे, काढली तर घरात घेणार नाही म्हणाले. डबाही ती दोन माणसांचा देते. मला अर्धा मिळाला.

४ तारीख, मंगळवार

इथली एक रीत आहे. नव्या माणसाने घरच्या एकाचा पत्ता यादीत घालायचा. घरच्याला उघडावीशी वाटत नाही ती मेल परका कशाला उघडेल, हे आकडेबाईंचं म्हणणं. पटलं मला. आईचा दिला. दुसरं आहे कोण? बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच.

बाकी धडे: विषयाची ओळ पाच-सहा शब्दांची. एका मेलमध्ये एकच मागणं. दोन ओळी लिहायच्या, अर्ध्या यादीला एक, अर्ध्या यादीला दुसरी, जी जास्त उघडली जाईल ती खरी. माझी ‘तुमची उशी किती वर्षांची?’ जिंकली. आकडेबाईंची ‘खास सवलत’ पडली आणि मी मनातल्या मनात नाचून घेतलं.

५ तारीख, बुधवार

उघडली हे कळतं कसं, विचारलं. टोपीकाकांनी दाखवलं. मेलच्या तळाशी टिंबाएवढं, न दिसणारं चित्र असतं. मेल उघडली की ते आपल्याकडून मागवलं जातं, आणि आपल्याला कळतं. दुसऱ्याच्या दाराला गुपचूप लावलेली घंटाच की! आवडली मला युक्ती.

७ तारीख, शुक्रवार

दर शुक्रवारी पाचला साफसफाई. लागोपाठ दहा मेल न उघडणाऱ्यांची नावं यादीतून कायमची काढतात. म्हणजे उरलेल्यांत उघडणारे जास्त, आकडा वर. हिशोब बरोबर आहे. सगळे उभे राहतात आणि आकडेबाई स्वतः बटण दाबतात. टोपीकाका चारपासून बायकोला फोन लावत होते. ती माहेरी लग्नघाईत, फोन कुठेतरी पडलेला. घामाने टोपी भिजली होती त्यांची. एका मेलसाठी एवढं काय, असं मी म्हटलं, तर त्यांनी पुन्हा नंबर फिरवला.

आकडा चौतीस झाला. टाळ्या.

९ तारीख, रविवार

दहाला आईला फोन, नेहमीसारखा. तुझी सगळी पत्रं दोनदा वाचते म्हणाली. चित्रंबित्रं येत नाहीत ते बरं, नुसता मजकूर, डोळ्यांना त्रास नाही. निघताना मीच तिच्या फोनवर चित्रं बंद करून आले होते, नेट पुरावं म्हणून. मला अक्कल आहे हे तिने पहिल्यांदा कबूल केलं.

१० तारीख, सोमवार

टोपीकाका आज मजेत. नवीन गादीचं चित्र इतकं सुंदर काढलंय की बघतच राहावं. डबा नव्हता, खाली जाऊन पाव खाल्ला. संध्याकाळी ही वही चाळली. तीन तारखेला लिहिलंय, टोपी बायकोने विणली.

कुठली बायको? त्यांचं लग्नच झालेलं नाही. पण अक्षर माझंच आहे.

१२ तारीख, बुधवार

विचारलं. हसले. मला कोण मुलगी देणार, म्हणाले. टोपी कुठल्यातरी दुकानातली. फोनमधला कुठल्याशा सहलीचा फोटो दाखवला. चौकटीच्या एका कडेला काका, हात आडवा पसरलेला, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. हाताखाली कुणी नाही.

लग्नघाई, माहेर, भिजलेली टोपी, सगळं मीच लिहिलंय. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

१४ तारीख, शुक्रवार

आज अकरा जण काढले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. आकडेबाईंनी ते पाहिलं.

१६ तारीख, रविवार

आई बरी आहे. सगळ्या मेल वाचते. तीनदा विचारून घेतलं. चिडली, मी काय खोटं बोलते का म्हणाली. जिवात जीव आला.

२० तारीख, गुरुवार

आकडेबाईंनी बोलावून तक्ता पुढे केला. आईची ओळ. पाठवलेल्या तेरा, उघडलेल्या शून्य.

टिंब. टिंबही चित्रच. चित्रं मी बंद केली. माझ्या या हातांनी.

साफसफाईआधीच तिचा पत्ता परत द्या म्हणून पाया पडले. एकदा दिलेला घरचा पत्ता मागे घेता येत नाही म्हणाल्या. शांतपणे, चहा ढवळत. वर म्हणाल्या, घरचं माणूस गेलं की हात मोकळा होतो, टोपीकाकांची चित्रं बघितलीस ना. घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर.

आईला फोन केला. रडत, ओरडत सांगितलं, चित्रं सुरू कर, आत्ता, हे दाब, ते दाब. ती म्हणाली, माझी मुलगी अशी बोलत नाही. कुणी घाई करून फोनवर काही दाबायला सांगितलं तर ठेवून द्यायचं, असं मुलीनेच शिकवलंय. ठेवला.

हो. मीच शिकवलंय.

मग उचललाच नाही.

२१ तारीख, शुक्रवार

सकाळी शेवटची मेल. विषयाची ओळ मी लिहिली: ‘आई, चित्रं सुरू कर.’ सगळ्या यादीला गेली. या एका मेलला साठ टक्के. आजवर एवढा आकडा कुणी पाहिला नव्हता. आईच्या ओळीत शून्य —

दुपारी. मेलला उत्तर दिलं की ते एका पेटीत पडतं, ती कुणी उघडत नाही. मी उघडली. आईची चौदा पत्रं. प्रत्येक मेलला उत्तर. ‘वाक्य लांबलं.’ ‘उशीचं छान लिहिलंस.’ ‘जेवलीस का?’ आजचं: ‘काल तुझ्या आवाजात कुणीतरी फोन केला. मी फसले नाही. काळजी करू नकोस.’

धावत जाऊन आकडेबाईंना दाखवलं. वाचते आहे ती, हे बघा, उत्तर देते आहे —

उत्तरं मोजत नाहीत म्हणाल्या.

चार चाळीस. उचल ना गं —

पाचला पाच. सगळे उभे राहिले. टोपीकाकांनी माझा हात धरून मला उभं केलं. तिला तपकिरी काठाचा चष्मा आहे, डाव्या हाताला भाजल्याची खूण आहे, लिहून ठेवते, लिहून ठेवलं म्हणजे —

२२ तारीख, शनिवार

छान झोप लागली. भिंतीवरचा आकडा छत्तीस. आकडेबाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

वही चाळली. आई म्हणून कुणा बाईबद्दल पानंच्या पानं आहेत. अक्षर माझं आहे. पुढच्या मेलचा कच्चा मजकूर असावा, चांगला जमलाय. तपकिरी चष्मा, भाजल्याची खूण, बारकावे पक्के. ‘उचल ना गं’ ही ओळ सोमवारी लावते. सगळे उघडतील.

उद्या रविवार. दहाचा गजर का लावलाय कळत नाही. दहाला मी कुणाला तरी