हातातला क्लच

३ डिसेंबर

गुरुशांतनं गाडी नेली! पुण्याला नाही, इथंच, सात रस्त्याजवळच्या येडूच्या गॅरेजात. तरी दारापुढची रिकामी जागा बघून सकाळपासून मला चुकल्यासारखं होतंय.

भाऊराया काल पुण्याहून आले ते ठरवूनच. "अक्का, आप्पांची फियाट अशी करतो, बघत राहशील." जानेवारीत पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. तिथं सगळं मूळचं लागतं म्हणे, कारखान्यातून निघाली होती तसं. तयार पार्ट्सची खोकी त्यानं आधीच मागवून ठेवलेली. हल्ली जुन्या गाडीचा स्क्रूसुद्धा घरपोच येतो!

मी लगेच हो म्हणाले. आप्पांच्या जुगाडांना विटलेच होते मी. काच खाली करायची तर पक्कड हवी. मागचं दार उचलून आपटायचं, नाहीतर वळणावर आपोआप उघडणार. हॉर्नला घराच्या बेलचं बटण! आप्पा चादरीच्या कारखान्यात मागांचे फिटर. मागाचं काही मोडलं की तिथंच घासायचं, ठोकायचं, बसवायचं. घरीही तेच. "इकत कशाला? करू की आपण." गाडीतलं निम्मं सामान मागाचं आहे. आप्पा जाऊन किती वर्षं झाली, पण दार अजून त्यांच्याच पद्धतीनं आपटावं लागतं.

६ डिसेंबर

रिक्षा धाडून भाकरी मागवल्या. सत्यानाश!

मैंदर्गीच्या बायका कडक भाकरी करतात, मी गाडीनं जाऊन आणते आणि सोलापुरातल्या दुकानांना पोचवते. हेच माझं पोट आणि हाच माझा रुबाब. रिक्षावाल्यानं खड्ड्यांतून अशी हाणली की निम्म्या खोक्यांत चुरा. दुकानदार म्हणतो, "ताई, आज पावडर आणली व्हय?" हसले. आतून डोकं फिरलं होतं.

११ डिसेंबर

गॅरेजात डोकावून आले. येडू गाडीखाली, नुसते पाय बाहेर. तिथूनच म्हणाला, "बाई, तुमचे वडील मानूस होते का कोन? ह्या पंपाला मागाचं चामडं लावलंय की! आन् टिकलंय!"

दाराला आतून नवीन हँडल बसलंय. दोन बोटांनी फिरवलं आणि काच सरसर खाली! अगं बाई! मी पोरीसारखी वर-खाली, वर-खाली करत बसले. येडू म्हणाला, "बास करा, झिजंल." दारही कसं हलक्या हातानं लागतं. इतकी वर्षं मी उगीचच आपटत होते तर.

खरंच, तयार पार्टला नावं ठेवू नयेत. कुणीतरी दुसऱ्यानं डोकं लावलेलं असतं, आपण नुसतं बसवायचं. आप्पांना हे कधी पटलं नसतं. विकत आणलेल्या वस्तूकडं ते सोयऱ्यानं पाठवलेल्या आंबट द्राक्षांसारखं बघायचे.

१५ डिसेंबर

गाडी आली. रंग असला देखणा की हात लावायला भीती वाटावी. गुरुशांत रात्रीच पुण्याला गेला, किल्ली येडूनं आणून दिली.

मी बसले. डावा हात सवयीनं गिअरच्या दांड्याकडं गेला. लिव्हर नाही.

दांडा नुसता, गुळगुळीत, नवा. खाली तिसरं पेडल चमकत होतं. नवं रबर बसवलेलं.

सगळं लिहूनच काढते. माझा डावा पाय लहानपणापासून निकामी आहे. पोलिओ. क्लचचं पेडल मला दाबता येत नाही. कॉलेजात असताना आप्पांनी स्कूटरवरून कल्पना घेतली. स्कूटरला क्लच आणि गिअर एकाच मुठीत असतात, मग गाडीला का नाही? गिअरच्या दांड्यावर लोखंडी लिव्हर बसवली, तिथून तार खाली पेडलपर्यंत. मुठीनं आवळली की पेडल आपोआप दाबलं जायचं. उजवा पाय ब्रेकला आणि ॲक्सिलेटरला. त्या लिव्हरवर मी लायसन काढलं, आईला, आमच्या अव्वाला, दवाखान्यात नेलं-आणलं, धंदा उभा केला.

आज माझी गाडी माझ्या दारात उभी आहे आणि मला ती जागची हलवता येत नाही. रडले. चांगली हुंदके देऊन रडले. कुणापासून लपवू?

१६ डिसेंबर

फोन केला. भांडायचं ठरवूनच केला.

"लिव्हर कुठंय?"

"अगं, ती काढली. मूळची नव्हती ना."

"आणि मी चालवू कशी?"

मग म्हणाला, "तुला नवी ऑटोमॅटिक घेतो. क्लचच नसतो त्यात. मनात कधीचं आहे माझ्या."

येडूला विचारलं तर लिव्हर कधीच भंगारात गेली. "सायबांनी सांगितलं, काडून टाक. मला काय ठावं ती कशाला हाय?" त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मी नेहमी गाडीतूनच बोलायचे त्याच्याशी. मला चालताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं; त्या दिवशी गॅरेजात गेले तेव्हाही तो गाडीखालीच होता.

१७ डिसेंबर

चूक कुणाची? दिवसभर हेच.

"तेवढी लिव्हर सोडून सगळं बदल," इतकंच तर म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही, कारण आमच्या घरात ते म्हणतच नाहीत. माझ्या पायाचं नाव काढायचं नाही हा अव्वाचा दंडक. पाहुणे आले की मी आधीच बसलेली असायची. लग्नाचे फोटो काढताना मला खुर्ची. कुणी विचारलंच तर "लचकलाय जरा." लिव्हरलाही आप्पा कधी "सिद्धीच्या पायासाठी" म्हणाले नाहीत. "हातातला क्लच" म्हणायचे, जणू हौस म्हणून केलाय.

गुरुशांत त्याच घरात वाढला. तो तरी काय बोलणार?

२१ डिसेंबर

एसटीनं मैंदर्गी. दानम्मा मावशीनं लांबूनच हाक मारली, "गाडी एल्ली, सिद्धी?" गाडी कुठं, म्हणून. सगळ्या भाकरीवाल्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी कुबडी घेऊन बसमधून उतरताना त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं.

मग मावशी खोकी उचलत म्हणाली, "आता दोन फेऱ्या कशा हुणार गं? ह्या पोरींनी करायचं तरी काय?" मला पायापेक्षा तेच लागलं.

२४ डिसेंबर

गुरुशांतचा फोन. आवाज उतरलेला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "अक्का, खरं सांगू? प्रदर्शनात लोक ती लिव्हर बघून विचारतील, हे कशासाठी. मग सांगावं लागेल. तुला कसंतरी होईल, म्हणून काढली."

माझ्यासाठी! मला राग यावा की माया, कळेना. दोन्ही आलं. "बरं," म्हणून फोन ठेवला.

ऑटोमॅटिकचाही विचार केला. वाईट नाही. खरंच वाईट नाही. पण मग आप्पांची फियाट दिव्यांखाली उभी राहणार, आणि तिच्यात मी कुठंच नसणार. कारखान्यातून निघाली तेव्हा मी नव्हतेच तिच्यात. मला आप्पांनी आणलं, तारेनं आणि पट्टीनं.

नाही. मला हीच गाडी हवी. आणि चालवता आलीच पाहिजे.

२९ डिसेंबर

येडूच्या गॅरेजात स्टुलावर ठाण मांडून बसले. "आप्पांनी केलती तशीच कर." येडूनं पट्टी कापली, वाकवली, बसवली. मी आवळली — आणि खांद्यातून कळ! जुनीलाही यायची की. हल्ली येतच होती. ती लिव्हर एकोणीस वर्षांच्या सिद्धीच्या मनगटाची होती. मी पन्नाशी ओलांडली तरी तीच आवळत बसले. ती आप्पांची, म्हणून खांदा दुखतोय हेही कबूल केलं नाही. आम्ही घरातले सगळे सारखेच!

"काड ही," म्हणाले. येडू वैतागला. "आता तुमीच सांगितलं ना?"

२ जानेवारी

स्कूटरची तयार लिव्हर विकत आणली. होय आप्पा, विकत! बोटांना बसते छान. पण स्कूटरचा क्लच हलका, गाडीचा जड. मध्ये काहीतरी हवं. जुन्या मागाच्या कप्प्या मिळाल्या, त्यातली एक तारेखाली लावायची ठरली. येडू म्हणे बारकी लाव, मी म्हणे मोठी. बारकी लावली — तार तुटली. मोठी लावली — पेडल अर्ध्यातच अडकलं. दोघांचंही चुकलं! शेवटी दोन लावल्या.

७ जानेवारी

चालली! होटगी रोडला जाऊन आले. खांदा दुखला नाही. येडू शेजारी डॅशबोर्ड धरून बसलेला, "बाई, सावकाश की! लई जोरात!" ओरडत होता. मी नवीन हँडल फिरवून काच खाली केली आणि गार वारा तोंडावर घेतला. लई म्हणजे लईच बरं वाटलं.

१६ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतूनही मैंदर्गीच्या दोन्ही फेऱ्या झाल्या. एक भाकरी मोडली नाही.

२२ जानेवारी

गुरुशांतचा फोन. "परवा पहाटे येतो. गाडी मीच चालवत नेतो, तू नको दगदग करूस. ती नवी लिव्हर दोन दिवसांपुरती काढून ठेव, नंतर बसव पाहिजे तर."

"ये तर खरं," म्हणाले.

दुपारी येडूला एक काम सांगितलं. त्यानं कानाला हात लावले. "सायेब मला मारतील." मग पाना मीच घेतला. बोल्ट गंजलेला नव्हता, सगळं नवंच की!

२४ जानेवारी

गुरुशांत आला, चहा प्यायला, किल्ली घेऊन गाडीत बसला. मग खाली वाकून बघत राहिला. "अक्का, क्लचचं पेडल कुठंय?"

"काढलं. तार आता थेट आतल्या दांड्याला जोडलीय. मला पेडल लागत नाही."

त्यानं लिव्हर आवळून बघितली. गाडीनं उडी मारली आणि बंद. परत उडी, परत बंद. शेवटी उतरला, वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी कुबडी मागं टाकली आणि गाडी पुण्याच्या रस्त्याला लावली. टेंभुर्णीला चहाला थांबलो.

चहाच्या टपरीवर माणसं गाडीभोवती जमली. एकानं खिडकीतून लिव्हर बघून विचारलं, "हे कशाला हो?" मी तोंड उघडायच्या आत गुरुशांत मोठ्यानं म्हणाला, "माझ्या बहिणीचा डावा पाय चालत नाही. पोलिओ. हे तिनं स्वतः केलंय."